लेऑफनंतरचं "चार महिन्यांचं पॅकेज": त्यात तुमचंच किती आणि कंपनीचं किती

प्रश्न थोडक्यात असा आहे. खराडीतल्या एका मल्टिनॅशनल कंपनीत ६ वर्षं ८ महिने झालेत, सीनियर इंजिनियर, हाताखाली कोणी नाही. एचआरने अचानक मीटिंगला बोलावलं, तुमचा रोल राहिला नाही म्हणून सांगितलं. चार महिन्यांच्या ग्रॉसचं पॅकेज देतोय म्हणजे ६ लाख, उद्या संध्याकाळी सहापर्यंत पोर्टलवर राजीनामा टाका आणि रिलीज लेटरवर (सगळे पैसे मिळाले, पुढे काही तक्रार नाही असं लिहून देण्याचा कागद) सही करा. टीममधल्या अमेरिकेतल्या माणसाला विचार करायला ४५ दिवस दिलेत आणि मला एक दिवस. चार महिने हे चांगलं आहे का, आणि कायद्याने नक्की किती मिळायला हवं?

मी १७ वर्षं एचआरमध्ये होते, पुण्यात आणि मुंबईत, आणि अशा मीटिंगांमध्ये टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलेय. आता गेली काही वर्षं ज्यांना अशी लेटर मिळतात त्यांची लेटर वाचून देते. त्यामुळे दोन्ही बाजू बघितल्यात, तेवढ्यावरून सांगते. वकील नाही, तुमचं लेटर समोर नाही, म्हणून जिथे लेटरवर अवलंबून आहे तिथे तसं म्हणेन.

दादा, चार महिने चांगले की वाईट हा प्रश्न नंतरचा. आधी हे विचारायचं की चार महिने कशाचे, आणि त्यात काय काय धरलंय. कारण "पॅकेज" या एका शब्दात दोन वेगळे पैसे एकत्र बांधून देतात. एक म्हणजे तुमच्या हक्काचे, जे तुम्ही सही केली काय नाही केली काय कंपनीला द्यावेच लागतात. आणि दुसरे वरचे, जे कंपनी स्वतःच्या मर्जीने देते आणि त्याच्या बदल्यात तुमची सही घेते. वाटाघाटी होतात त्या फक्त वरच्या पैशावर. हक्काचेच पैसे वरचे म्हणून दाखवले की माणसाला वाटतं कंपनी बरीच उदार आहे, आणि तो सही करून मोकळा होतो.

आता तुमचेच आकडे घेऊ. ग्रॉस दीड लाख, बेसिक ७५ हजार, नोटीस पिरियड दोन महिने, शिल्लक रजा २२ दिवस, असं तुम्ही लिहिलंय. नोटीस पिरियड न करवता आजच घरी पाठवतायत तर दोन महिन्यांचा नोटीस पे, म्हणजे ३ लाख, हा अपॉइंटमेंट लेटरप्रमाणे तुमचाच आहे. मग ग्रॅच्युइटी. बेसिक गुणिले १५ भागिले २६ गुणिले वर्षं, आणि शेवटच्या वर्षाचे सहा महिन्यांपेक्षा जास्त झाले असतील तर ते पूर्ण वर्ष धरतात, म्हणून तुमची ७ वर्षं. ७५,००० ला १५ ने गुणून २६ ने भागलं की ४३,२६९ येतात, ते ७ वर्षांचे झाले ३,०२,८८५. आणि रजेचे बेसिकवर दिवसाला अडीच हजार धरले तर २२ दिवसांचे ५५,०००. बेरीज करा, ६,५७,८८५ होतात.

म्हणजे बघा, ते जे ६ लाख म्हणतायत ते जर "सगळं धरून" असतील तर तुम्हाला वरचे काहीच मिळत नाहीयेत, उलट हक्काच्या पैशातले ५७,८८५ कमी मिळतायत आणि त्यावर सही पण घेतायत. जर नोटीस पे धरून पण ग्रॅच्युइटी आणि रजा वेगळी असेल, तर वरचे ३ लाख. आणि सगळं वेगळं देऊन शिवाय ६ लाख असतील तर वरचे पूर्ण ६ लाख. वाक्य तेच, "चार महिन्यांचं पॅकेज", पण तिन्ही अर्थांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि मीटिंगमध्ये तोंडी सांगताना हे कोणी फोडून सांगत नाही. मी स्वतः पण सांगत नव्हते, हातात कागद असायचा त्यावर लिहिलेलंच बोलायचं अशी सूचना असायची. याचं मला आजही वाईट वाटतं, म्हणून एवढं लांब लिहितेय.

अजून एक, तुमचं बेसिक ग्रॉसच्या बरोबर अर्धं आहे म्हणून हिशोब सरळ आला. ज्यांचं बेसिक ३०-३५ टक्केच ठेवलेलं असतं त्यांनी लक्ष द्या, नव्या कामगार संहितांमध्ये वेतनाची व्याख्या बदललीय, भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग वेतनातच धरायचा आहे. त्यामुळे ग्रॅच्युइटी जुन्या कमी बेसिकवर काढून दिली तर कशावर काढली ते लेखी विचारायचं.

आता कायद्याने किती. इथे "तुम्ही कायद्याच्या भाषेत कामगार आहात का" यावर सगळं अवलंबून आहे. पूर्वी १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा होता, २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली, पण याबाबतीतला गाभा तसाच आहे. कामगार असाल, सलग वर्षभर नोकरी झाली असेल आणि कंपनीने कपात (रिट्रेंचमेंट) म्हणून नोकरीवरून काढलं, तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि शिवाय दर वर्षाला १५ दिवसांचं सरासरी वेतन अशी भरपाई. ग्रॅच्युइटी वेगळी, ती यात धरायची नाही. तुमच्या ७ वर्षांचं हे साडेतीन महिन्यांचं वेतन होतं. वेतन म्हणून काय धरायचं यावर ओढाताण होते, कंपनी ७५ हजारावर धरून २,६२,५०० म्हणेल, तुमचा वकील ग्रॉसवर धरून ५,२५,००० मागेल. नव्या संहितेत अजून एक भर आहे ती फार लोकांना माहीत नाही, कपात झालेल्या कामगारासाठी कंपनीने पुनर्कौशल्य निधीत शेवटच्या वेतनाचे १५ दिवसांचे पैसे भरायचे आणि ते कपातीपासून ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात यायचे.

"पण मी तर इंजिनियर, माझा पगार दीड लाख, मी कामगार कसा?" हे मला दर वेळी विचारतात. पगाराची मर्यादा (आता महिना १८ हजार) ही फक्त सुपरवायझरी काम करणाऱ्यांना आहे. तांत्रिक किंवा कौशल्याचं काम स्वतःच्या हाताने करणाऱ्याला पगाराची मर्यादा नाही. बाहेर ठेवलेत ते मॅनेजर आणि प्रशासकीय काम करणारे. आणि हुद्द्याचं नाव काय आहे याला फार अर्थ नसतो, तुम्ही दिवसभर खरंच काय करता ते बघतात. तुमच्या हाताखाली कोणी नाही, कोणाची रजा मंजूर करत नाही, कोणाचं अप्रेझल करत नाही, कोड लिहिता. तर तुमची बाजू मांडण्यासारखी नक्की आहे. मात्र कंपनी म्हणणार सीनियर आहे म्हणजे मॅनेजर, आणि तो वाद कोर्टात गेला की वर्षं जातात. म्हणून मी याकडे बोलणी करताना हातात असलेला मुद्दा म्हणून बघते, उद्या खात्यात येणारे पैसे म्हणून नाही. आणि "३०० च्या वर लोक असतील तर सरकारची परवानगी लागते" असं जे फिरतंय ते कारखाने, खाणी आणि मळ्यांसाठी आहे, आयटी ऑफिसला ते धरून बसू नका.

जे खरोखर मॅनेजर आहेत त्यांना मात्र भरपाईचा हा आधार नाही. त्यांना अपॉइंटमेंट लेटर, कंपनीची पॉलिसी, ग्रॅच्युइटी, रजा, आणि बाकी बोलणी जमतील तशी.

आता सगळ्यात महत्त्वाचं, राजीनामा. ही जी १५ दिवसांची भरपाई आहे ती कपातीची आहे, स्वतःहून नोकरी सोडणाऱ्याला नाही. म्हणून तर पोर्टलवर राजीनामा टाका म्हणतात आणि कारणाच्या ड्रॉपडाऊनमध्ये "वैयक्तिक कारण" किंवा "चांगली संधी" निवडायला लावतात. एका बाईंचं सांगते, हिंजवडीत टेस्टिंगमध्ये होत्या, ९ वर्षं. मीटिंगमध्ये त्यांचा लॅपटॉप त्यांच्याकडेच होता, एचआरने शेजारी बसून स्क्रीनवर बोट ठेवून कुठे क्लिक करायचं ते दाखवलं. त्यांनी "पर्सनल" वर क्लिक केलं, पाच मिनिटांनी लॉगिन बंद. माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांच्याकडे एकही कागद नव्हता, ना मेल, ना मीटिंग इन्व्हाइट, ना पे-स्लिप. कंपनीने काढलं हे सांगणारं काहीच नाही आणि स्वतः सोडलं हे सांगणारा त्यांचाच राजीनामा. राजीनामा जबरदस्तीने घेतला असं आम्ही कंपनीला कळवलं, थोडे पैसे वाढवून मिळाले, पण दोन दिवस आधी आल्या असत्या तर गोष्ट वेगळी असती.

तर राजीनामा द्यायचाच नाही का? तसं पण सरसकट नाही म्हणणार मी. पुढच्या कंपनीच्या बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये "रिझाइन्ड" दिसावं असं बऱ्याच जणांना वाटतं आणि वरचे पैसे चांगले असतील तर तो सौदा होऊ शकतो. पण मग तो सौदा आहे हे समजून, किंमत घेऊन करायचा. आणि कारणात निदान "कंपनीच्या सांगण्यावरून, अमुक तारखेच्या सेपरेशन लेटरमधल्या अटींनुसार" एवढं लिहायचं. पोर्टल लिहू देत नसेल तर त्याच वेळी एचआरला मेल टाकायचा आणि स्वतःच्या पर्सनल मेलला कॉपी ठेवायची. (कंपनीचा कोड किंवा क्लायंटची फाइल मात्र अजिबात पाठवू नका, तेवढ्यावरून उलट तुमच्यावर केस करतील. फक्त तुमची स्वतःची कागदपत्रं, पे-स्लिप, अपॉइंटमेंट लेटर, इन्क्रिमेंट लेटर, फॉर्म १६, रजेच्या बॅलन्सचा स्क्रीनशॉट.)

अमेरिकेतल्या सहकाऱ्याला ४५ दिवस का आणि तुम्हाला एक का. तिथे गंमत उलटी आहे, तिथल्या केंद्रीय कायद्यात सेव्हरन्स (काढताना द्यायचे पैसे) द्यायची सक्तीच नाही, मोठ्या लेऑफला १०० किंवा जास्त लोक असलेल्या कंपनीने ६० दिवस आधी नोटीस द्यावी असा कायदा आहे, बाकी जे आठवड्यांचे पगार देतात ते सहीसाठीच देतात. पण ४० वर्षं किंवा जास्त वय असलेल्या माणसाकडून वयावरून भेदभावाचे हक्क सोडून घ्यायचे असतील तर त्याला विचार करायला २१ दिवस, एकत्र अनेकांना काढत असतील तर ४५ दिवस, आणि सही केल्यावर मागे घ्यायला ७ दिवस द्यावेच लागतात, नाहीतर ती सही त्या हक्कांपुरती टिकत नाही. आपल्याकडे असा विचार करायला वेळ देण्याचा नियम नाही, म्हणून "उद्या सहापर्यंत". पण हेही लक्षात घ्या की ती सहाची वेळ कायद्याने आलेली नाही, कोणीतरी एक्सेलमध्ये टाकलेली आहे. मी बसले त्या खोल्यांमध्ये, कोणी सभ्य भाषेत मेल करून चार-पाच दिवस मागितले म्हणून ऑफर काढून घेतलीय असं एकदाही झालं नाही. एचआरला पण ते प्रकरण शांतपणे मिटवायचं असतं. तुमच्या हक्काचे पैसे तर सहानंतरही तुमचेच आहेत, ते कुठे जात नाहीत.

काय मागायचं? लोक फक्त महिने वाढवून मागतात, चाराचे सहा करा. मिळाले तर छान. पण मॅनेजरला आकडा वाढवायला वरून परवानगी लागते आणि तारीख हलवणं सोपं असतं, म्हणून मी आधी तारीख बघते. शेवटचा दिवस कुठला धरलाय याने खूप काही बदलतं. एक मुलगा आला होता, ४ वर्षं १० महिने झालेला, बेसिक ६० हजार. त्याला दोन महिन्यांचा नोटीस पे देऊन आजच मोकळं करत होते. आम्ही म्हटलं पैसे तेवढेच ठेवा, पण नोटीस पिरियड घरी बसून रेकॉर्डवर धरा. पाच वर्षं पूर्ण झाली आणि ग्रॅच्युइटीचे १,७३,०७७ मिळाले, जे आधीच्या लेटरमध्ये शून्य होते. (पाचव्या वर्षात २४० दिवस भरले की ग्रॅच्युइटी लागू होते असे काही हायकोर्टांचे निकाल आहेत, पण कंपन्या सहज मान्य करत नाहीत, तारीख हलवून घेणं बरं.) तसंच शेअर्सचं वेस्टिंग (कंपनीने देऊ केलेले शेअर्स तुमच्या नावावर होण्याची तारीख) तीन आठवड्यांवर असेल, बोनसची तारीख जवळ असेल, घरात कोणाचं ऑपरेशन ठरलेलं असेल आणि ऑफिसचा मेडिक्लेम लागणार असेल, तर शेवटचा दिवस पुढे गेलेला एखाद्या महिन्याच्या पगारापेक्षा जास्त किमतीचा ठरतो.

मेडिक्लेमचं म्हणजे बहुतेक ठिकाणी तो शेवटच्या दिवशी संपतो. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का ते शेवटच्या दिवसाच्या आधी विचारा, जुन्या आजारांचे वेटिंगचे दिवस त्यात मोजले जाऊ शकतात. पीएफला हात लावू नका, पाच वर्षांच्या आत काढला तर टॅक्स लागतो आणि नंतर काढला तरी म्हातारपणाचा पैसा जातो. नवीन नोकरी लागली की यूएएनवर (तुमचा कायमचा पीएफ नंबर) ट्रान्सफर करा. आणि जॉइनिंग बोनस किंवा रिटेन्शन बोनस परत मागतायत का ते एफ अँड एफच्या (फुल अँड फायनल, म्हणजे शेवटच्या हिशोबाच्या) कागदात बघा, कंपनीने स्वतः काढलं असताना तो कापायचा नाही असं बऱ्याच लेटरमध्ये लिहिलेलं असतं, पण पेरोल सॉफ्टवेअर आपोआप कापून टाकतं.

टॅक्सचं नीट समजून घ्या कारण ६ लाख म्हणजे हातात ६ लाख नाहीत. नोटीस पे आणि वरची रक्कम हा पगारच धरतात, टीडीएस कापूनच येणार. ग्रॅच्युइटी २० लाखांपर्यंत सूत्रात बसेल तेवढी माफ, रजेचे पैसे नोकरी सोडताना मिळाले तर २५ लाखांच्या आत, बाकीच्या मर्यादांमध्ये राहून, माफ, नवीन टॅक्स रेजिममध्येसुद्धा. कामगाराला कायद्याने मिळालेली कपातीची भरपाई ५ लाखांपर्यंत माफ होऊ शकते, पण तीच रक्कम "एक्स-ग्रेशिया" (कंपनीने मर्जीने दिलेली) नावाने राजीनाम्यासोबत आली की पूर्ण टॅक्सेबल. म्हणजे कागदावर कुठलं नाव लिहिलंय याचे पण पैसे आहेत. आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काढत असतील तर शेवटचा दिवस एप्रिलमध्ये ढकलायला सांगा, पुढच्या वर्षी काही महिने पगार नसेल तर तीच रक्कम कमी स्लॅबमध्ये बसते. सीएची एक तासाची फी इथे नक्की वसूल होते.

पैसे कधी येतात? "एफ अँड एफला ४५ दिवस लागतात" ही कंपन्यांची सवय आहे. वेतन संहितेप्रमाणे काढलं किंवा सोडलं तरी थकलेलं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं आहे, ग्रॅच्युइटी ३० दिवसांत, उशीर झाला तर व्याजासकट. रिलीज लेटरमध्ये "मला सर्व रक्कम मिळाली, माझी काही तक्रार नाही" असं असतं, ते पैसे खात्यात आल्यावरच सही करायचं, किंवा सही तारखेशी बांधायची. दुसऱ्या कंपनीत वर्षभर जाणार नाही अशी अट दिसली तर घाबरू नका, नोकरी संपल्यावरची तसली बंदी १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ मुळे सहसा टिकत नाही. गुप्ततेची अट मात्र टिकते, ती पाळा.

कंपनीने हक्काचेच पैसे अडवले तर कामगार आयुक्तांकडे लेखी तक्रार करता येते, पुण्यात त्यांचं कार्यालय शिवाजीनगरला आहे. तक्रार केली म्हणजे लगेच निकाल लागतो असं नाही, पण नोटीस गेली की फाइल एचआरकडून लीगलकडे जाते आणि हक्काच्या पैशावर लीगलवाले सहसा वाद घालत बसत नाहीत.

म्हणून आज रात्री एवढंच करा. राजीनामा टाकू नका, आणि हा मेल पाठवा, शांत भाषेत, पर्सनल मेलला बीसीसी ठेवून:

"आजच्या मीटिंगमध्ये माझा रोल रद्द झाल्याचं आणि चार महिन्यांच्या ग्रॉसची रक्कम देणार असल्याचं आपण सांगितलंत. ही रक्कम नोटीस पे, ग्रॅच्युइटी आणि शिल्लक रजेच्या पैशांशिवाय आहे की ते धरून आहे, हे प्रत्येक रकमेच्या वेगळ्या आकड्यासह लेखी कळवावं ही विनंती. रेकॉर्डवर माझी नोकरी कोणत्या तारखेला आणि कोणत्या कारणाने संपतेय तेही कळवावं. लेटर नीट वाचून उत्तर द्यायला मला सोमवारपर्यंत वेळ द्यावा. तोपर्यंत हँडओव्हरला माझं पूर्ण सहकार्य राहील."

इंग्रजीत पाठवायचा असेल तर याच मजकुराचं इंग्रजी करा, एक शब्द रागाचा घालू नका. आणि घरी सांगितलं नसेल तर आजच सांगा, ईएमआयचं गणित दोघांनी मिळून मांडलं की सोमवारपर्यंत थांबायला धीर येतो. त्यांचं उत्तर आलं की नावं झाकून आकडे इथेच टाका, मी बघून सांगते त्यातले वरचे किती आहेत.